मागचा उजवा स्पीकर

फुकट मिळालेल्या वस्तूवर चेगू हमदान यांचा विश्वास नाही. तसा विकत घेतलेल्या वस्तूवरही नाही, पण फुकटच्या वस्तूकडे ते जरा जास्तच डोळे बारीक करून बघतात. म्हणून मुलगा क्वालालंपूरला नोकरीवर जाताना जुन्या कॉम्प्युटरचे स्पीकर जिन्याखाली ठेवून गेला, तेव्हा चेगूंनी पहिला प्रश्न विचारला, "चांगले आहेत तर टाकून का गेला?"

"अहो, आपलाच मुलगा आहे तो," त्यांची बायको रुकैया म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय."

बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि पोरांच्या बाह्या उलट्या करून कॉप्या पकडल्या की माणसाचं असंच होतं. तामान मेलूर वसाहतीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे चेगूच म्हणतात, चेगू म्हणजे मास्तर. निवृत्तीनंतर रहिवासी समितीचे अध्यक्षही तेच झाले. आठ वर्षं बिनविरोध. "आठ वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही," हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचे, आणि ऐकायला कुणी नसलं तर मांजराला ऐकवायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा निवडणूक होती.

स्पीकर होते पाच, आणि सोबत घुमणाऱ्या आवाजाचा एक जड डबा. इकडे घरात नवा टीव्ही आलेला, चांगला दाराएवढा रुंद, पण आवाज असा की फुटबॉलच्या सामन्यात चाळीस हजार लोक ओरडले तरी कुणीतरी शेजारच्या खोलीत खोकल्यासारखं वाटायचं. दुकानदाराने टीव्हीखाली ठेवायची एक लांबडी पट्टी सुचवली. चेगूंनी तिची किंमत ऐकली आणि दुकानदाराकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारा स्वतःच्याच खिशात हात घालून बघायला लागला. मग कुठल्यातरी व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की कॉम्प्युटरचे असे जुने पाच स्पीकर नीट जोडले तर घरात चारही बाजूंनी आवाज येतो. पाऊस डोक्यावर पडतो, गाडी पाठीमागून जाते. चेगूंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, कुठे लबाडी सापडते का ते बघायला. सापडली नाही. तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या.

आता खरं म्हणजे एवढ्या कामाला माणूस शोधायलाच नको होता. डावीकडच्या भिंतीपलीकडे येओ राहतो. चाळीस वर्षं त्याने बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलं. बिघडलेला रेडिओ नुसता कानाशी धरून तो आजार सांगायचा. "येओला विचारा ना," असं रुकैया म्हणाली, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, पोस्टमनसुद्धा म्हणाला. आणि प्रत्येक वेळी चेगू म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी येओच्या वरच्या मजल्यावरून पहाटेपासून पक्ष्यांची किलबिल यायला लागली. खिडक्यांना जाड पडदे. लोकांनी ताडलं, की हा माणूस गुपचूप पाकोळ्या पाळतोय. आमच्याकडे हा धंदा सोन्याचा. अंधाऱ्या खोलीत पाकोळ्यांच्या आवाजाची रेकॉर्ड लावायची, भिंतीला भोकं पाडायची, पाखरं आत येऊन लाळेची घरटी करतात, आणि त्या घरट्यांचं सूप प्यायला श्रीमंत लोक वाट्टेल ते मोजतात. बाजारातल्या रिकाम्या इमारतींत ठीक आहे, पण राहत्या वसाहतीत त्याला सक्त मनाई. घाण होते, डास होतात, घरांचे भाव पडतात. समितीने तक्रार केली. पहिली सही अध्यक्षांची. नगरपालिकेची नोटीस गेली आणि आठवड्याभरात येओच्या घरातून आवाज बंद झाला. येओही बंद झाला. त्याआधी रोज संध्याकाळी दोघं चहावाल्याकडे एकाच बाकावर बसून जगाला नावं ठेवायचे. त्यानंतर चेगू एकटेच बसायचे, आणि नावं ठेवायला एकट्याला मजा येत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर चेगूंनी स्वतःच जोडायचं ठरवलं. स्पीकरच्या वायरींना टोकं तीन, हिरवं, काळं आणि नारिंगी. टीव्हीला भोक एकच, तेही चौकोनी, आणि आतून लाल उजेड येणारं. त्यासाठी आवाजाच्या वाटण्या करणारी एक पेटी लागते, ती त्यांनी आणली. सोबत उजेड वाहून नेणारी एक बारीक वायर. जोडलं. काही नाही. एक शब्द नाही, एक खरखर नाही. चेगूंनी शांतपणे चष्मा पुसला आणि रुकैयाला म्हणाले, "बघितलंस? फसवलं."

दुकानात जाऊन त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं. ग्राहकांचे हक्क, व्यापारातली नीतिमत्ता, देशाचं भवितव्य. दुकानातली मुलगी ते शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग तिने वायरीच्या टोकावरची इवलीशी पारदर्शक प्लास्टिकची टोपी नखाने काढली, दुसऱ्या टोकाचीही काढली आणि दोन्ही टोप्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "या काढून जोडायची असते, चेगू." त्या टोप्या चेगूंनी खिशात टाकल्या. पुरावा म्हणून टाकल्या, असं ते घरी म्हणाले, पण कशाचा पुरावा ते सांगितलं नाही.

पुढचे तीन स्पीकर बोलायला लागले. मागच्या दोघांच्या वायरी मात्र सोफ्यापर्यंतही पोचेनात. मग वायरी कापून जोड दिले, छताच्या वरून न्यायच्या म्हणून छताला भोकं पाडली. दोन चुकीच्या जागी पडली म्हणून आणखी दोन. आवाज भिंतींवरून उसळतो, त्याला अंड्यांचे पुठ्ठे लावा, असं चहावाल्याने सांगितलं. चेगूंनी त्याच्याकडून साठ पुठ्ठे उचलले, आणि हा आपल्याकडे कचरा तर खपवत नाही ना, असा विचार करत ते घरी आणले. काचेवरूनही आवाज उसळतो म्हणून खिडकीला काळं कापड ठोकलं. शिवाय दार कायम बंद. कारण कुणी बघितलं तर लगेच म्हणणार, चेगू, हे असं नाही, तसं. आणि मग येओला विचारा.

समोरच्या घरातल्या कक, म्हणजे ताई, नोर्माला तीनदा येऊन गेल्या. एकदा साखर मागायला, एकदा ती परत करायला, एकदा मांजर शोधायला. नोर्मालांकडे मांजर नाही.

"काय चाललंय गं आत, रुकैया?"

"काही नाही कक, स्पीकर लावतायत."

"किती?"

"पाच. आणि एक डबा."

"टीव्हीला पाच स्पीकर?" नोर्मालांनी दाराच्या फटीतून दिसेल तेवढं पाहून घेतलं. "बरं बरं. देव देतो एकेकाला."

जोडणी नीट झाली की नाही हे तपासायला चेगूंनी एक खास रेकॉर्ड मिळवली होती. पहाटेचं जंगल. त्यात एक पक्षी पुढच्या डाव्या स्पीकरमधून निघतो, किलबिलत उजवीकडे जातो, मग तुमच्या पाठीमागून फिरून परत जागेवर येतो. चेगूंचा पक्षी पुढून नीट जायचा. मागे गेला की सोफ्याच्या मधोमध नाहीसा व्हायचा. गेला कुठे? मागचा उजवा स्पीकर बोलत होता, पण तिकडून येणारा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा पोकळ. चेगूंनी तो स्पीकर बदलून पाहिला, उंच ठेवला, खाली ठेवला, एकदा रागाने त्याला शाळेतल्या आवाजात "नीट बोल!" असं सांगूनही पाहिलं. सकाळी सहाला रस्ता शांत असतो, तेव्हा बारकावे कळतात, म्हणून रोज सहाला जंगल सुरू. पंधरा दिवस. पक्षी रोज निघायचा आणि रोज हरवायचा.

त्यातच रुकैयाने वर्षाचा बलाचान करायला घेतला. कोळंबीचं ते वाटण भाजायला लागलं की वास तीन घरं ओलांडून जातो. आता पाकोळ्या बोलवायला लोक खोलीत असलंच काहीतरी उग्र शिंपडतात, हे वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. काळं कापड झालं, भोकं झाली, स्पीकर झाले, पहाटेची किलबिल झाली आणि वरून हा वास. नोर्मालांनी अंगणातून नाक उचलून एकदा घेतला, आणि त्यांचा हिशेब पुरा झाला.

चेगूंनाही काहीतरी बिनसल्याचं जाणवत होतं. चहावाला पूर्वी हसून ग्लास ठेवायचा, आता नुसता ठेवायचा. समितीच्या ग्रुपवर त्यांनी सुप्रभात टाकलं तर कुणी उत्तर देईना. "माझ्याविरुद्ध कट शिजतोय," ते रुकैयाला म्हणाले.

"कसला कट? स्पीकरचा?"

"निवडणुकीचा. त्या येओने सगळ्यांना फूस लावली असणार."

"येओ दोन वर्षांत एका माणसाशी धड बोललेला नाही. फूस काय खुणांनी लावली?"

गुरुवारी नोटीस आली. हिरवा शिक्का, खाली सही, मजकूर सरळ. सदर निवासस्थानी विनापरवाना पाकोळी संगोपन होत असल्याची तक्रार एका जागरूक रहिवाशाने केली आहे. सोमवारी पाहणी. दोष आढळल्यास दंड, आणि वसाहतीच्या फलकावर नाव. चेगूंनी ती उभ्याने वाचली, मग बसून वाचली. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. पण फलकावर नाव! त्या फलकाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची.

"आठ वर्षं," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. रुकैयाने पाणी आणून दिलं, तेही त्यांनी आधी वास घेऊन प्यायलं.

शुक्रवारी ते नगरपालिकेत जाऊन खिडकीशी उभे राहिले. तिथल्या बाईंनी नोटीस उलटीसुलटी केली. "ही रद्द करायची? मग तुमचा पाकोळीघराचा नोंदणी क्रमांक लिहा."

"बाई, पाकोळीघरच नाही, तर क्रमांक कुठून येणार?"

"क्रमांकाशिवाय अर्ज घेता येत नाही."

"मग काय करू?"

"आधी पाकोळीघराची नोंदणी करा, मग ते नसल्याचा अर्ज द्या." बाईंनी दयेने एक कागद पुढे सरकवला. त्यात पक्ष्यांची संख्या विचारली होती. चेगूंनी शून्य लिहिलं. बाईंनी मान हलवली. "शून्य चालत नाही. कमीत कमी एक." चेगूंनी पेन बंद केलं आणि ते घरी आले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना खोटं लिहायचा रीतसर आग्रह केला होता.

सोमवारी पाहणीला आलेला अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. फौझान त्याचं नाव. "चेगू, ओळखलंत? भूगोलात तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं." हे तो हसून म्हणाला, पण चेगूंना त्या हसण्याचाही संशय आला. फाटकापाशी दहाबारा माणसं जमली होती. नोर्माला सर्वांत पुढे, हातात झाडू, म्हणजे आपण झाडतच होतो असं म्हणता यावं.

फौझानने आत फिरून टिपून घेतलं. छताला भोकं, सहा. खिडकी, काळ्या कापडाने बंद. भिंतींवर पुठ्ठे, साठ. स्पीकर, पाच. "आणि हा वास?"

"बलाचान आहे," रुकैया ठसक्यात म्हणाली. "डबा भरून देऊ?"

"चेगू, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण हे सगळं घरात चारही बाजूंनी आवाज यावा म्हणून, हे मी साहेबांना कसं सांगू?"

"ऐकवतो ना!" चेगूंनी रिमोट दाबला. पहाटेचं जंगल सुरू झालं. किलबिलाट घरभर फिरला आणि फाटकापाशी उभी असलेली सगळी माणसं एकदम म्हणाली, "हाच तो आवाज!"

चेगूंचा चेहरा पडला. फौझानने डोकं खाजवलं. "यात पाकोळी आहे की नाही, मला कळत नाही. इथे जाणकार कुणी आहे?"

"येओ आहे की," नोर्माला म्हणाल्या. "त्याला चांगला अनुभव आहे."

चेगूंना वाटलं, संपलं. दोन वर्षांत जो माणूस आपल्या सावलीलाही उभा राहिला नाही, त्याच्या एका शब्दावर आता आपलं नाव लटकतंय. आणि तो शब्द तो का टाकेल? आपण त्याच्या जागी असतो तर टाकला असता का? या प्रश्नाचं उत्तर त्यांना ताबडतोब आलं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

येओ आला. अंगात बनियन, अर्धी चड्डी. दारात चपला काढून तो सोफ्याच्या मधोमध बसला, कुणाकडेही न बघता. "लावा," म्हणाला. जंगल पुन्हा सुरू झालं. येओने डोळे मिटून घेतले. पक्षी पुढून गेला, मागे वळला आणि नेहमीच्या जागी हरवला. येओच्या कपाळाला आठी पडली. नोर्मालांनी झाडू घट्ट धरला.

"पाकोळी नाही," येओ म्हणाला. "बुलबुल आहे, दयाळ आहे, एक कसला तरी परदेशी कोकीळ आहे. ही रेकॉर्ड लावून पाकोळी आली तर ती बहिरी असेल." मग त्याने मागे वळून उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि तो स्पीकर उलटा जोडलाय. जोड देताना वायरी अदलाबदल झाल्यात. बाकीचे ढकलतायत तेव्हा तो ओढतोय. स्टूल द्या."

त्याने स्टुलावर चढून दोन वायरी सोडल्या, फिरवल्या, पिळल्या. अर्धं मिनिट लागलं. मग पुन्हा जंगल लावलं, आणि या वेळी पक्षी डाव्या कोपऱ्यातून निघाला, सगळ्यांच्या पाठीमागून स्वच्छ फडफडत गेला आणि पुढे येऊन बसला. फौझानने चक्क मान वळवून त्याला शोधलं. "अरे वा, चेगू!" तो म्हणाला आणि त्याने कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. सही केली, शिक्का मारला.

फाटकापाशी सगळ्यांना एकदम कंठ फुटला. आम्हाला वाटतच होतं. चेगू असं करतील का कधी? "मी तर पहिल्यापासून म्हणत होते," असं नोर्माला कुणालातरी सांगत होत्या. रुकैयाने तळलेली केळी आणली. चेगूंच्या छातीवरचा दगड उतरला. नाव वाचलं, फलक वाचला, नववं वर्ष वाचलं.

येओ उठून दाराकडे गेला होता आणि चपलांत पाय घालत होता. चेगू त्याच्या मागोमाग गेले.

"येओ, थांबा जरा. तुम्हाला पाकोळीचा आवाज कसा असतो ते एवढं नक्की माहीत... तेव्हा वरच्या मजल्यावर काय होतं हो तुमच्या?"

येओने त्यांच्याकडे पाहिलं. "आता विचारताय?"

"हो."

"चष्मेवाला. एवढासा हिरवा पक्षी. माझ्या बायकोचा. तिला तो गाण्याच्या स्पर्धेत उतरवायचा होता, म्हणून जिंकलेल्या पक्ष्यांच्या रेकॉर्डी ऐकवायचो त्याला. लक्ष विचलित होऊ नये म्हणून पडदे. परवानासुद्धा होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही फाटकातूनच म्हणालात, जे काय आहे ते नगरपालिकेला सांगा. त्या आठवड्यात बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. दोन्हीकडे कुठे धावू? पक्षी देऊन टाकला. ती घरी आली आणि पहिल्यांदा पिंजऱ्याकडे गेली, नव्या गुडघ्यावर. तिला वाटतं, मी घाबरलो. तेव्हापासून माझ्याशीही कामापुरतंच बोलते."

हे सगळं तो सांगत होता साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. चेगूंना फार लाज वाटली. पंधरा दिवस त्यांनी वसाहतीत प्रत्येकावर संशय घेतला होता, दुकानातल्या मुलीपासून पाण्याच्या पेल्यापर्यंत. एका माणसावर तेवढा घ्यायचा राहून गेला होता.

फौझान मोटारसायकलला किल्ली लावत होता. "फौझान!" चेगूंनी हाक मारली, आणि ती शाळेतली हाक होती, त्यामुळे तो किल्ली काढून ताठ उभा राहिला. "अजून एक तक्रार लिहून घे."

"कुणाविरुद्ध, चेगू?"

"तामान मेलूर रहिवासी समितीच्या अध्यक्षाविरुद्ध. दोन वर्षांपूर्वी येओविरुद्ध केलेली तक्रार खोटी होती. अध्यक्षाने वर जाऊन पाहिलं नाही, विचारलं नाही, सही केली."

तळलेली केळी खाणारी तोंडं थांबली. नोर्मालांच्या हातून झाडू खाली पडला.

"पण अध्यक्ष तुम्हीच ना, चेगू?"

"हो. तक्रारदारही मीच. नाव लिही माझं, जागरूक रहिवासी वगैरे नको. आणि ते फलकावर लावायचं. किल्ली माझ्याकडे आहे, आजच लावतो."

फौझान घामाघूम झाला. "चेगू, न बघता सही केली हा गुन्हा धरायचा म्हटलं, तर आमचं अख्खं ऑफिस बंद करावं लागेल. शिवाय याला फॉर्म नाही."

"मग साध्या कागदावर लिही. आणि अक्षर सुवाच्य काढ, भूगोलाच्या पेपरसारखं नको."

फौझानने मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहायला लागला. चेगू त्याच्या खांद्यावरून शब्दन् शब्द वाचत होते, कारण हा पोरगा मुद्दाम सौम्य लिहील असा त्यांना दाट संशय होता. तसं त्याने लिहिलंच होतं. 'गैरसमजातून' हा शब्द चेगूंनी खोडायला लावला. मग खाली पूर्ण नाव घालून सही केली, आणि या वेळी सही करण्याआधी सगळं दोनदा वाचून काढलं.

मागे वळले तर येओ अजून दारातच होता. त्याने भिंतीपलीकडे तोंड करून बायकोला चिनी भाषेत काहीतरी लांबलचक ओरडून सांगितलं. पलीकडून बाईचा आवाज आला, तिनेही काहीतरी विचारलं. येओने उत्तर दिलं. मग पलीकडून आणखी एक प्रश्न आला, जरा मोठ्याने.

"काय म्हणतायत?" चेगूंनी भीत भीत विचारलं.

"विचारतेय, कागदावर लिहून दिलंय का नुसतं तोंडी." येओने पायातल्या चपला पुन्हा काढल्या. "म्हटलं, लिहून दिलंय. येतेय ती वाचायला."